शेपटीचा फोटो

वीकेंडला लोणावळ्याला जाऊन लोक काय करतात, हे काही सांगायला नको. एक्सप्रेसवेवर दोन तास अडकायचं, टायगर पॉइंटला कांदाभजी, भुशी डॅमवर धक्काबुक्की, येताना चिक्कीचे चार बॉक्स आणि सोमवारी ऑफिसात ‘मस्त फ्रेश झालो यार’. आमचं खटलं ऑक्टोबरमधल्या एका रविवारी लोणावळ्याला गेलं ते मालगाड्यांचे फोटो काढायला. हो, मालगाड्यांचेच. आपण प्लॅटफॉर्मवर उभे असतो, आपली गाडी लेट असते आणि तेवढ्यात जी लांबलचक धडधडत जाते आणि आपण जिला मनातल्या मनात शिव्या घालतो, तीच.

खटल्याची यादी: आई, बाबा, दादा, वहिनी, त्यांचे अकरा वर्षांचे चिरंजीव म्हणजे माझे भाचेबुवा, आणि मी.

भाचेबुवा रेलफॅन आहेत. ही जमात तुम्हाला माहीत नसेल तर थोडक्यात सांगते. ह्यांना क्रिकेटर्सच्या रन्सपेक्षा इंजिनांचे नंबर पाठ असतात. हॉर्न ऐकून हे सांगतात की येतंय ते डब्ल्यूएजी-७ की डब्ल्यूएजी-९. वाढदिवसाला सायकल नको म्हणतात आणि सेकंडहँड कॅमेऱ्यावर ७०-३०० ची झूम लेन्स मागतात. दादाने ती घेऊन दिली, त्यामुळे हे सगळं रामायण घडलं. आमच्या भाचेबुवांना डेक्कन क्वीन, वंदे भारत वगैरे ग्लॅमरस मंडळी बोअर वाटतात. ‘आत्या, त्या टाइमटेबलवर येतात गं. त्यात काय थ्रिल?’ मालगाडीला आपल्यासारख्यांना बघता येईल असं टाइमटेबल नसतं. लाइन मोकळी मिळाली की ती निघते, मागून एक्सप्रेस आली की बाजूला उभी राहते. म्हणजे फोटो काढणाऱ्याने नुसतं बसून राहायचं. दहा मिनिटं नाहीतर तीन तास.

ह्या शौकाचा उगम शोधायला लांब जावं लागत नाही. बाबा मालगाडीवर गार्ड होते. कल्याण हेडक्वार्टर, आणि कल्याणहून निघणारे दोन्ही घाट पायाखाली, म्हणजे चाकाखाली. २०२२च्या जानेवारीत रेल्वेने गार्डचं नाव बदलून ‘ट्रेन मॅनेजर’ केलं, पण बाबा त्याआधीच रिटायर झाले होते. ‘मॅनेजर होऊन रिटायर झालो असतो तर तुझ्या आईने जरा मान दिला असता,’ हा त्यांचा आवडता जोक. आई ह्यावर हसत नाही.

बाबांना ट्रिपला तयार करणं हाच मोठा प्रोजेक्ट होता. ‘मालगाडी काय बघायची? जन्मभर आतून बघितली,’ एवढं बोलून त्यांनी पेपर उघडला. शेवटी वहिनीने बरोबर जागी बोट ठेवलं. ‘बाबा, तुम्ही नसलात तर ह्याला रुळावर जाऊ नको असं सांगणार कोण? आमचं ऐकतो का तो?’ बाबांनी पेपर मिटला.

कारण ह्या एका बाबतीत आमचे बाबा हेडमास्तर आहेत. रेल्वे कायदा १९८९, कलम १४७, त्यांना तोंडपाठ. परवानगीशिवाय रेल्वेच्या हद्दीत शिरलात तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. २०२३च्या जुलैमध्ये दूधसागरला रुळांवरून चालत गेलेल्या हौशी पर्यटकांना रेल्वे पोलिसांनी उठाबशा काढायला लावल्या होत्या, तो व्हिडिओ बाबांनी फॅमिली ग्रुपवर तीनदा टाकला होता. मंकी हिलला रुळाशेजारी उभं राहून काढलेले झकास फोटो तुम्हीही पाहिले असतील. ते तसे काढायचे नाहीत. पॉइंट संपला.

मग फोटो काढायचे कुठून? तर दरीच्या पलीकडून.

लोणावळा-खंडाळ्याच्या अंगाने उल्हास नदी उत्तरेला कर्जतकडे उतरते. आपली ती कल्याणची, उल्हासनगरवाली नदी. तिथे तिची काय अवस्था आहे ते सोडून द्या, पण इथे वरती ती एका सणसणीत खोल दरीच्या तळाशी असते. दरीच्या एका अंगाला राजमाची आणि दुसऱ्या अंगाच्या डोंगराला कमरपट्टा बांधावा तशी रेल्वे: बोगदा, पूल, परत बोगदा. पळसदरी, जांब्रुंग, ठाकूरवाडी, नागनाथ, मंकी हिल ही नावं आपण इंद्रायणीच्या खिडकीतून वाचतो आणि विसरतो. लोणावळ्याहून तुंगार्लीवरून राजमाचीची वाट धरली की हे सगळं समोर, पश्चिमेला येतं. म्हणजे सकाळी ऊन तुमच्या पाठीशी आणि गाडीच्या तोंडावर. दुपारी सूर्य डोंगराच्या पलीकडे कलायला लागला की समोरची बाजू काळवंडते, फोटोचा विषय संपला. त्यामुळे पहाटे उठणं आलं.

आम्ही मुद्दाम ट्रेननेच गेलो, कारण भाचेबुवांना आधी कर्जतला बँकर बघायचे होते. बँकर म्हणजे फंड मॅनेजर नव्हे! घाट चढणाऱ्या गाडीला मागून ढकलायला जी जादा इंजिनं लावतात ती. भोर घाटाचा चढ ३७ला १ असा आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे जाताना गाडी १ मीटर वर चढते. आपल्या पायांना हे किरकोळ वाटेल, पण लोखंडी रुळावर लोखंडी चाकाने हजारो टन ओढायचे तर ही चढण भयंकर असते. नुसतं पुढून ओढलं तर डब्यांना जोडणाऱ्या कपलिंगवर सगळा ताण येतो. म्हणून थोडं पुढून ओढायचं, थोडं मागून ढकलायचं. आणखी एक गंमत: मुंबईपासून लांब जाणारी गाडी ‘डाऊन’ आणि मुंबईकडे येणारी ‘अप’. म्हणजे इथे घाट चढणारी गाडी डाऊन आणि उतरणारी अप! वहिनी फिजिक्सची ट्यूशन घेते, तिला हे अजून पटलेलं नाही.

कर्जतच्या वड्याबरोबर बाबांची जीभ सुटली. इंजिनांच्या गोष्टी. १९२९मध्ये हा घाट विजेवर आला तेव्हा मालगाड्यांसाठी जी इंजिनं आणली त्यांना आपल्याकडे ‘खेकडा’ म्हणायचे. चाकांना जोडलेले दांडे असे हलायचे की खेकडा चालल्यासारखं वाटायचं, आणि उभं असताना ते कण्हल्यासारखा आवाज करायचं. त्याच वर्षी खंडाळ्याजवळचं रिव्हर्सिंग स्टेशन बंद झालं. त्याआधी तिथे गाडीला तोंड फिरवून उलट्या दिशेने पुढचा चढ चढावा लागायचा.

हा घाट बांधायला १८५६मध्ये सुरुवात झाली आणि २१ एप्रिल १८६३ला तो सुरू झाला. ह्यातली एक गोष्ट मला जाम आवडते. सॉलोमन ट्रेडवेल नावाचा कॉन्ट्रॅक्टर इंग्लंडहून १८५९मध्ये आला आणि काही दिवसांतच आजारी पडून वारला. अशा वेळी त्याच्या बायकोने पुढच्या बोटीने घरी परतावं अशीच सगळ्यांची अपेक्षा असणार. तिने, अ‍ॅलिस ट्रेडवेलने, कॉन्ट्रॅक्ट स्वतःकडे घेतलं आणि माणसं नेमून काम पुरं करून दिलं. एका वेळी चाळीस हजारांवर मजूर ह्या डोंगरात राबत होते. त्यातले किती जण कॉलऱ्याने आणि तापाने गेले त्याला गणती नाही. घाटाची चीफ इंजिनिअर म्हणून कीर्ती मिळालेला जेम्स बर्कलीही उद्घाटनाच्या आधीच, १८६२मध्ये वारला. इंद्रायणीतून जाताना बोगद्यात शिरल्यावर पोरंटोरं ओरडतात, तेव्हा मला हे हटकून आठवतं. असो.

लोणावळ्याला उतरून रिक्षाने तुंगार्लीच्या पुढे, मग अर्धा तास चाल. आईचे गुडघे, वहिनीची पोह्यांची बॅग, भाचेबुवांचा ट्रायपॉड आणि बाबांची जुनी छत्री असा तांडा एका झाडाखाली टेकला. पावसाने हवा धुऊन निघालेली, कड्यांवरून अजून दोन-तीन बारीक धबधबे लोंबत होते. समोरच्या डोंगरावर रुळांची रेघ. त्या रेघेवर काहीच नाही.

पुढचा दीड तास काहीच नाही. म्हणजे एक्सप्रेस गेल्या दोन, पण भाचेबुवांनी त्यांच्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. दादाने झोप काढली. मी मोबाइलला रेंज शोधली. आजच्या काळात सहा माणसांचं कुटुंब दीड तास एकाच दिशेला बघत बसतं, हे मला वाटतं कुठल्याही वेलनेस रिट्रीटवाल्याने पैसे घेऊन शिकवावं. बाबा मात्र हळूहळू अस्वस्थ होत होते. सारखं घड्याळ. ‘आत्तापर्यंत कर्जतहून सुटायला पाहिजे होती एखादी.’

आधी हॉर्न ऐकू आला. दरी आवाज कुठून आणते कळत नाही, पण तो बोगद्याच्या आतून येतोय एवढं कळत होतं. मग दोन इंजिनं बाहेर आली, चालत्या माणसापेक्षा जरा जास्त वेगाने. त्यांच्या मागे काळे पेट्रोलचे टँकर, एक, पाच, दहा, वीस. भाचेबुवांचा कॅमेरा मशीनगनसारखा सुरू. इंजिनं पूल ओलांडून पुढच्या बोगद्यात शिरली आणि अलीकडच्या बोगद्यातून टँकर येतच होते. अशा गाडीची लांबी सहाशे मीटरच्या आसपास असते. पुस्तकात वाचलं होतं, पण तोंड एका बोगद्यात आणि शेपूट दुसऱ्या बोगद्यात असलेलं जनावर प्रत्यक्ष बघितल्यावर ‘आईशप्पथ’ एवढंच बाहेर पडतं.

आम्ही सगळे पुढच्या इंजिनांकडे बघत होतो. बाबा मागच्या बोगद्याकडे.

‘आता बघा,’ ते म्हणाले.

शेवटच्या टँकरमागून काड्यापेटीएवढी एक पेटी बाहेर आली. दोन्ही टोकांना कठडे, मधे एक खोली. तिला चिकटून मागे ढकलणारे बँकर, पेटीच्या तिप्पट उंच वाटावेत असे. ब्रेकव्हॅन. पुढे हजारो टन पेट्रोल, मागे इंजिनांचा रेटा, आणि मधे ती पेटी.

‘ह्याच्यात?’ आई म्हणाली.

एकाच शब्दात तिने विचारलं. आईने लग्नानंतरची सगळी वर्षं ह्या पेटीची वाट बघितली आहे आणि ती पेटी तिने कधी बघितली नव्हती. आमच्या घरी कालनिर्णय भिंतीवर असायचं ते तिथी बघायला कमी आणि बाबांसाठी जास्त. ते ड्यूटीवर निघाले की आई त्या तारखेच्या चौकोनात बारीक अक्षरात वेळ लिहायची, परत आले की दुसरी वेळ. मंगळवार रात्री ११.२०. गुरुवार सकाळी ६. मधला बुधवार कोरा. कित्येक दिवाळ्यांचे चौकोन तसे आहेत. हे कशासाठी लिहितेस असं आम्ही लहानपणी विचारायचो, तेव्हा ती म्हणायची, ‘दुधाचा हिशोब असतो ना, तसा.’

‘ह्याच्यात,’ बाबा म्हणाले.

‘पंखा होता का हो?’

‘कुठला पंखा.’

‘आणि... बाकीचं?’

‘गाडी थांबली की उतरायचं अगं. थांबली तर.’

मग आईने चौकशी आयोगच बसवला. जेवायचात कुठे, बसायला काय होतं, पावसात पाणी आत यायचं का. बाबा उत्तरं देत गेले. बरोबर एक लोखंडी लाइन बॉक्स, त्यात लाल-हिरवे झेंडे, हातातला दिवा, धोक्याच्या वेळी रुळावर लावायचे डिटोनेटर, कागदपत्रं. वळणावर बाहेर डोकावून पुढचे डबे बघायचे, कुठे धूर येतोय का, काही लोंबतंय का. ड्रायव्हरला हिरवा झेंडा दाखवायचा, त्याचा उलट यायची वाट बघायची. घाटात रात्री बँकरवाल्यांनी जोर लावला की पेटी आतून इतकी हादरायची की चहाचा पेला हातात धरायचा, खाली ठेवायचा नाही. पावसाळ्यात दरडीची भीती. २०१९च्या पावसात मंकी हिल ते नागनाथच्या पट्ट्यात मार्गाची इतकी नासधूस झाली की कित्येक मुंबई-पुणे गाड्या अनेक आठवडे रद्द कराव्या लागल्या. बाबा तेव्हा घरी होते. टीव्हीसमोरून हलले नव्हते.

‘पण एक सांगू का,’ ते मधेच म्हणाले, ‘ही गाडी अशी अख्खी मी आज पहिल्यांदा बघितली. घाटात.’

आम्हाला आधी कळलंच नाही. मग कळलं. ब्रेकव्हॅनमधून दिसतं काय? पुढे शेवटच्या डब्याची पाठ. मागे बँकरचं तोंड, नाहीतर लांब पळणारे रूळ. वळणावर पंधरा-वीस डबे. आपण जी गाडी नेतोय ती बाहेरून, दरी मधे ठेवून, कशी दिसते ते बघायला गार्डला दरीपलीकडे जाऊन उभं राहावं लागेल, आणि ड्यूटीवरचा माणूस ते करणार कधी? आणि सुटी असताना रेल्वेचा माणूस मालगाडी बघायला लोणावळ्याला कशाला जाईल?

दुसरी गाडी त्यामानाने लवकर आली आणि ती उतरणारी होती, म्हणजे अप. बंद डब्यांची. भाचेबुवांच्या मते चढणाऱ्या गाडीला ड्रामा असतो. बाबांच्या मते खरा ड्रामा उतरणारीला. चढताना बंद पडलात तर उभे राहाल, उतरताना ब्रेक गेला तर? त्यासाठी घाटात कॅच सायडिंगची सोय आहे. मुख्य लाइनला फुटून डोंगराकडे चढत जाणारा एक आंधळा फाटा असतो आणि सांधा नेहमी त्या फाट्याकडेच लावलेला असतो. गाडीने अलीकडे येऊन नीट थांबून दाखवायचं. थांबली म्हणजे ताब्यात आहे, मग सांधा मुख्य लाइनला वळवतात. थांबली नाही तर सरळ फाट्यावर, चढावर जाऊन गप्प होईल. पुण्याहून येताना घाटात गाडी उगीच थांबते आणि आपण ‘काय झालं आता’ म्हणून वैतागतो, तेव्हा बऱ्याचदा ती ब्रेकची अशी परीक्षा देत असते. मला हे इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. बाबा म्हणाले, ‘तू विचारलंस कधी?’

ह्या गाडीला मागे बँकर नव्हते, त्यामुळे शेपूट मोकळं होतं. बाबांनी भाचेबुवांना सांगितलं, ‘इंजिन सोड. शेवट घे.’

‘आजोबा, शेवटाचा फोटो कोणी काढत नाही.’

‘म्हणून तू काढ. शेवटच्या डब्यावर एलव्हीची पाटी असते. लास्ट व्हेइकल. स्टेशनवाला तीच बघतो. पाटी दिसली तर गाडी पूर्ण आली. नाही दिसली तर मधेच तुटून अर्धी मागे राहिली असेल.’

भाचेबुवांनी नाइलाजाने काढला.

आता ही पेटीही जायच्या मार्गावर आहे. शेवटच्या डब्याला लावायचं एक यंत्र आलंय, इओटीटी म्हणतात. ते मागच्या टोकाचा ब्रेकचा दाब मोजून पुढे ड्रायव्हरला कळवत राहतं. गाडी तुटली तर लगेच समजतं. मग मागे माणूस कशाला, ब्रेकव्हॅन कशाला, असा रेल्वेचा विचार आहे. युरोप-अमेरिकेत मालगाड्यांच्या मागचा डबा कधीच गेला. मी बाबांना विचारलं, वाईट वाटतं का? मला आपलं वाटलं होतं, एखादं छान कोट मिळेल कॉलमला. ते म्हणाले, ‘ज्या पेटीत दिवा नाही, संडास नाही, तिथे माणूस बसवायचा नसेल तर चांगलंच आहे की. पण बोगद्यात गाडी तुटली तर ते यंत्र कळवेल. डिटोनेटर घेऊन मागे पळत कोण जाईल?’ आणि पोहे मागितले.

तिसरी आली ती मोटारी वाहून नेणारी. जुन्या पॅसेंजरच्या डब्यांच्या खिडक्या बंद करून ते मोटारींसाठी वापरतात. पण तोवर साडेबारा वाजून गेले होते, समोरचा उजेड गेला होता, भाचेबुवांच्या मते फोटो ‘फ्लॅट’. मधे बँकरची जोडी एकटीच, काही न ओढता, कर्जतला परत उतरली.

तुम्हाला जायचं असेल तर ऑक्टोबर-नोव्हेंबर बेस्ट. पावसाळ्यात दरी धुक्याने भरलेली असते, उन्हाळ्यात हवा धुरकट. ३०० मिलिमीटरच्या आत लेन्स नेऊ नका, काडीएवढी गाडी दिसेल. गाड्या सावकाश असतात, शटर स्पीडची चिंता नको. पाणी आणि खाणं बरोबर न्या. आणि कड्याच्या टोकाला जाऊन सेल्फी नको, प्लीज.

परतीच्या गाडीत भाचेबुवांनी कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर निवड सुरू केली. पुलावरच्या दोन इंजिनांचा फोटो अव्वल, ह्यावर त्यांचं आणि दादाचं एकमत. आईने कॅमेरा मागून घेतला, मागे मागे जात तो शेवटच्या डब्याचा फोटो काढला आणि कसं मोठं करायचं ते विचारलं. कठड्यापाशी पांढरा शर्ट दिसत होता. बाकी माणूस म्हणावा असं काही ओळखू येत नव्हतं. ‘ह्याची कॉपी काढून आण,’ तिने दादाला सांगितलं. ‘हा ब्लर आहे आजी,’ भाचेबुवा. ‘असू दे.’

घरी आल्यावर तिने पेन शोधलं आणि रविवारच्या चौकोनात लिहिलं: सगळे. पहाटे ५.१०, रात्री ७.४५. मालगाड्या ३. बाबा मागे उभे राहून म्हणाले, चार. बँकरची जोडी गेली तीही धरायची. आई म्हणाली, डबे नसतील तर मी नाही धरणार. अजून तो आकडा खोडलेला नाही.